पीठ टाकून कोंडा ठेवणाऱ्या मोटार डिझायनरांस

प्रति,
जगभरातल्या मोटार कंपन्यांचे डिझाइनप्रमुख आणि त्यांच्या स्टुडिओत रेघा ओढणारी, क्लेचे (मातीसारख्या लगद्याचे) नमुने कोरणारी सगळी मंडळी,

स. न. वि. वि.

प्रदर्शनात फिरत्या चौथऱ्यावर उभी असलेली कॉन्सेप्ट कार आणि तिच्यावरून दोन-तीन वर्षांनी विक्रीला आलेली गाडी, या दोघींचे फोटो शेजारी-शेजारी ठेवून फरक शोधायचा मला जुना नाद आहे. कॉन्सेप्टमधले सगळेच रस्त्यावर उतरणार नाही, एवढे मलाही कळते. टक्कर-चाचण्या असतात, पत्रा दाबायच्या साच्यांचा खर्च असतो, कायदे असतात, वर हिशेब बघणारे बसलेले असतात. काहीतरी गाळावे लागणारच. पण तुम्ही गाळता काय? काचेचे मोठे पट्टे जातात, छताला आधार देणारे बारीक खांब जातात, आतली हवेशीर बैठक जाते, अंगावरचा मोकळेपणा जातो. आणि मागे उरते ते पत्र्यात दडलेले हँडल, डॅशबोर्डभर पसरलेला पडदा, रेघेएवढे दिवे आणि भलीमोठी चाके. पीठ टाकून कोंडा ठेवायचा हा प्रकार आहे, आणि अलीकडे तो जवळजवळ सगळ्याच कंपन्यांत चालू आहे म्हणून हे पत्र एकट्या कुणाला न लिहिता सर्वांना लिहितो आहे.

तुमच्या धंद्याची सुरुवात अशी नव्हती. हार्ली अर्ल 1927 साली जनरल मोटर्समध्ये आला आणि तिथे गाडीच्या रूपाचा विचार करणारा स्वतंत्र विभाग उभा राहिला. तोवर बहुतेक कारखान्यांत बॉडी म्हणजे इंजिनिअरांचे काम उरकल्यावर वरून बसवायचे झाकण होते. अर्लने क्लेची पद्धत रुळवली. सांगाड्यावर गरम क्ले थापायची, गार झाली की पात्याने खरवडायची, रेघ चुकली तर पुन्हा थापायची. रंगाचा भास व्हावा म्हणून वर पातळ फिल्म ताणून चढवायची आणि मग पुढच्या मडगार्डवर पडलेली उजेडाची रेघ मागच्या दिव्यापर्यंत न मोडता वाहते का, ते डोळे बारीक करून बघायचे. संगणक आले, तरी ही क्ले तुमच्या स्टुडिओतून गेलेली नाही. हाताला कळते ते पडद्यावर कळत नाही, हे तुम्हाला स्वतःच्या कामापुरते पक्के ठाऊक आहे. आमच्यासाठी मात्र तुम्ही सगळे पडद्यावर नेऊन ठेवता.

अर्लच्या देखरेखीखाली तयार झालेली 1938 ची ब्यूक वाय-जॉब ही पहिली कॉन्सेप्ट कार, असे बहुतेक जण मानतात. झाकणाआड लपणारे हेडलाइट, विजेवर वरखाली होणाऱ्या काचा, धातूच्या झाकणाखाली गडप होणारे कापडी छत आणि हो, पत्र्याशी सपाट बसलेली दाराची हँडलं. म्हणजे दडलेले हँडल ही तुमच्या आजोबांच्या वेळची कल्पना आहे, तिला भविष्य म्हणून आमच्या गळ्यात मारू नका. चाके मात्र अवघी 13 इंची. अर्लला गाडी लांब आणि बुटकी दिसायला हवी होती, त्यासाठी त्याने चाकच लहान घेतले. तुमच्या स्केचमध्ये याच्या उलट असते, आधी चाक आणि मग गाडी. त्या कागदावरच्या चाकाला शोभावे म्हणून दाराचा पत्रा उंच होतो, पत्रा उंच झाला की काच आखडते, आणि मागच्या सीटवरच्या पोराला बाहेरचे आभाळसुद्धा नीट दिसत नाही.

वाय-जॉबबद्दल मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की अर्लने ती स्वतःची गाडी म्हणून अनेक वर्षे चालवली. तिच्यानंतर आलेली 1951 ची ले सेबरही त्याने वापरली. जेट विमानाचे तोंड लावलेल्या त्या गाडीत पाण्याचा थेंब ओळखणारा सेन्सर होता. उघडी गाडी उभी असताना पाऊस आला, की छत आपोआप वर. एकदा तरी भिजल्याशिवाय असली गोष्ट सुचत नसावी, असा माझा आपला अंदाज. तुमच्यापैकी किती जण स्वतःची कॉन्सेप्ट कार रहदारीत, पावसात, रात्री समोरच्या दिव्यांच्या झगमगाटात चालवून बघतात?

अर्लला संत करायचेही कारण नाही. लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचलेले पंख 1948 च्या कॅडिलॅकवर आले आणि वाढत वाढत 1959 साली पार टोकाला गेले. गेल्या वर्षीची गाडी या वर्षी जुनी दिसली पाहिजे, हे त्या काळी उघड धोरणच होते. 1958 ची फायरबर्ड थ्री तर गॅस टर्बाइनवर चालायची आणि तिला स्टीअरिंगऐवजी दांडा होता. त्याच सुमाराला फोर्डने अणुशक्तीवर चालणाऱ्या न्यूक्लिऑनची कल्पना मांडली, ती सुदैवाने छोट्या प्रतिकृतीच्या पुढे गेली नाही. वेडेपणा तेव्हाही भरपूर होता. पण शेपटीच्या पंखाने चालकाकडे कधी काही मागितले नाही. पंख मागे, चालक पुढे. तुमचा पडदा दर दोन मिनिटांनी काहीतरी मागतो.

गाळायचे कसे, हे शिकायचे तर इटालियन डिझायनर मार्चेल्लो गांदिनीकडून. 2024 साली तो गेला तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी हळहळून लिहिले, म्हणून त्याचाच दाखला देतो. 1970 च्या तुरिन प्रदर्शनात बर्टोने या डिझाइन कंपनीने मांडलेली त्याची लान्चा स्ट्राटोस झीरो जमिनीपासून जेमतेम 84 सेंटिमीटर उंच होती. तिला दारे नव्हतीच. पुढची काच वर उचलायची, नाकावर पाय ठेवून आत उतरायचे आणि जवळजवळ आडवे व्हायचे. इतकी अव्यवहार्य गाडी शोधूनही सापडणार नाही. आणि तिच्याच मागोमाग जी लान्चा स्ट्राटोस आली, तिने 1974, 1975 आणि 1976 अशी लागोपाठ तीन वर्षे जागतिक रॅली अजिंक्यपद लान्चाकडे आणले.

या दोन गाड्यांमध्ये गांदिनीने काय ठेवले आणि काय सोडले ते बारकाईने बघा. आखूड अंग ठेवले, चालकाच्या पाठीमागे मधोमध बसवलेले इंजिन ठेवले, पाचरीचा आकार ठेवला. काचेतून आत चढणे सोडून दिले. पण काचेचा मोह सोडला नाही. उलट ती दोन्ही बाजूंना अशी वळवली की बाजूच्या खिडक्यांपर्यंत सलग पट्टा व्हावा आणि वळणावर गाडी आडवी घसरत असतानाही रस्ता नजरेतून सुटू नये. आणि ती दारे! आतल्या बाजूला भलामोठा खोलगट कप्पा, थेट हेल्मेट मावेल एवढा. एक टप्पा संपला, हेल्मेट काढले, आता ते ठेवायचे कुठे? हा प्रश्न पाचरीएवढ्या गाडीत कुणालातरी पडला आणि त्याचे उत्तर दाराच्या जाडीत सापडले. मला विचाराल तर स्ट्राटोसचे खरे डिझाइन त्या कप्प्यात आहे.

गांदिनीच्या, वरच्या दिशेने उघडणाऱ्या दारांचेही तसेच. 1968 च्या अल्फा रोमिओ काराबोवर ती आधी आली, मग 1971 साली जिनिव्हात दिसलेल्या पिवळ्या लॅम्बोर्गिनी काउंटाशवर. असल्या गाडीतून मागचे काही दिसत नाही, तेव्हा रिव्हर्स घेताना दार वर करून बाहेर झुकता यावे, हाही त्यामागचा एक विचार होता. म्हणजे गांदिनीला आपल्या गाडीची खोड माहीत होती. 1974 साली काउंटाश विक्रीला आली तोवर इंजिन थंड राहावे म्हणून तिच्या कुशीत खोल खाचा पडल्या होत्या आणि खांद्यांवर हवा ओढणारी खोकी चढली होती. मूळची स्वच्छ रेघ बिघडली खरी, पण पुढे भिंतीवरच्या पोस्टरांत तीच खोकी तिची ओळख झाली. आजच्या बंपरच्या कोपऱ्यात काळ्या प्लास्टिकची जाळी असते. बोट घालून बघा, मागे बंद. हवा आत जात नाही, बाहेर येत नाही. तसेच काही गाड्यांच्या मागच्या बाजूला चकचकीत सायलेन्सरची तोंडे असतात आणि खरा पाइप खाली कुठेतरी मान घालून बसलेला असतो. याला काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा.

नुसत्या चौथऱ्यावरच्या गाड्यांबद्दल बोलून भागणार नाही. 1955 च्या पॅरिस प्रदर्शनात सित्रोएन डीएस आली ती थेट विक्रीसाठी, आणि तरी बाकी सगळ्या गाड्या तिच्यापुढे एका रात्रीत जुन्या दिसू लागल्या. पहिल्याच दिवशी 12,000 मागण्या नोंदल्या गेल्याचे सांगतात. तिचे रूप घडवणारा फ्लामिनिओ बेर्तोनी शिल्पकारही होता. त्या गाडीत मी सगळ्यात जास्त वेळ बघतो ते मागचे इंडिकेटर. छताची पन्हळ जिथे संपते तिथे, मागच्या काचेच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांत, तुतारीच्या तोंडासारखे बसवलेले. मागून येणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. गाडी कुठे वळणार हे न दिसणे अशक्य. आणि ते इतके देखणे आहेत की नुसती शोभा वाटावी. आता तुमच्या अनेक नव्या गाड्या आठवा. वरचा दिवा या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पट्टी, आणि इंडिकेटर कुठे, तर खाली बंपरमध्ये, चिखल उडतो तिथे. मागे जवळ येऊन थांबलेल्या ट्रकचालकाला तो दिसत नाही. पट्टी अखंड राहावी म्हणून वळण्याची खूण खाली हाकलली, एवढाच त्याचा अर्थ.

इटालियन डिझायनर जॉर्जेत्तो जुजारोच्या 1980 च्या फियाट पांडाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती गाडीच थोडक्यात आहे. सगळ्या काचा सपाट, म्हणजे स्वस्त. मागची सीट झोळीसारखी टांगता येते. डॅशबोर्डऐवजी कापडी खिसा, लांबच लांब, हातातले काहीही टाका. याच माणसाने पाचरीच्या आकाराची मासेराती बूमरँगही केली होती, तेव्हा त्याला नाट्य जमत नव्हते असे कुणी म्हणू नये.

आता आजचे. होंडाने 2017 साली दाखवलेली अर्बन ईव्ही आठवते? चौकोनी, बुटकी, बारीक खांबांची, काचाच काचा. लोक अक्षरशः प्रेमात पडले होते. 2020 मध्ये होंडा ई म्हणून जी आली ती वाईट नव्हती, गोंडसच होती. पण खांब जाडावले, तो चौकोनी ताठा गेला, आणि शाबूत राहिले काय, तर एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंतचे पडदे आणि आरशांच्या जागी कॅमेरे. ह्युंदाईने 2019 च्या 45 या कॉन्सेप्टवरून आयोनिक 5 केली ती याहून कितीतरी प्रामाणिक. 1974 साली जुजारोनेच काढलेल्या पोनीच्या घड्या तिच्या दारांवर नीट उतरल्या आहेत आणि ठिपक्यांचे चौकोनी दिवे दुरून ओळखू येतात. पण मागची काच स्वच्छ दिसावी म्हणून तिला वायपरच दिला नव्हता. चालकांनी कुरकुर केली, नंतरच्या सुधारित मॉडेलमध्ये वायपर आला, आणि काचेच्या सौंदर्याला काडीचाही धक्का लागला नाही. सायबरट्रकचेही तेच. 2019 च्या नमुन्यावर वायपर दिसतच नव्हता. विकायची वेळ आली तेव्हा काचेच्या एका कडेला एकच लांबलचक वायपर उभा राहिला. पाऊस पडतो, ही गोष्ट स्केच काढताना दरवेळी कशी काय विसरली जाते?

हँडलाकडे वळतो. ते बाहेर असले तर वारा अडतो, असे तुम्ही सांगता. अडतो, पण किती? 2018 च्या मर्सिडीज ए-क्लास सेडानचा वातरोध गुणांक 0.22 आहे (आकडा जितका कमी तितका वारा कमी अडतो), म्हणजे विक्रीला आलेल्या गाड्यांत अगदी वरच्या फळीतला, आणि तिची हँडलं साधी, बाहेर आलेली, चार बोटांनी धरून ओढायची आहेत. दडलेल्या हँडलाशी झुंजणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. एका हातात पिशव्या, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने एक टोक दाबायचे, दुसरे टोक वर आले की त्याच हाताची बोटे वळवून ते पकडायचे आणि ओढायचे. सांधे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला ही कसरत जमत नाही, तो नुसता दाराकडे बघत उभा राहतो आणि आतला कुणीतरी दार ढकलतो. आणि अपघातानंतर वीज गेली तर? बाहेरून मदतीला धावलेल्या माणसाने काय पकडून ओढायचे? चीनने 2025 मध्ये नियमांचा मसुदा काढला तो याच काळजीपोटी, वीज नसतानाही दार यांत्रिक पद्धतीने उघडता यावे म्हणून. हे तुमच्या स्टुडिओत सुचायला हवे होते.

पडद्याचा तर इतिहासच तुमच्या विरोधात साक्ष देतो. 1976 मध्ये अॅस्टन मार्टिनने विल्यम टाउन्सची लगोंडा दाखवली. कागदाच्या घडीसारखी धारदार गाडी, आत आकड्यांचे लाल दिवे आणि बोट टेकताच चालणारी स्पर्शाची बटणे. ग्राहकाच्या हाती पडायला 1979 उजाडले आणि त्या इलेक्ट्रॉनिक्सने कंपनीच्या नाकी नऊ आणले. 1986 च्या ब्यूक रिव्हिएराला तर चक्क टचस्क्रीन होता, एसी आणि रेडिओ त्याच्यातूनच. 1990 च्या मॉडेलमध्ये तो काढून पुन्हा बटणे बसवली. म्हणजे प्रयोग होऊन गेला होता, निकालही लागला होता.

2022 साली 'वी बिलेगारे' या स्वीडिश मासिकाने बारा गाड्यांची चाचणी घेतली. ताशी 110 किलोमीटर वेगात रेडिओ, तापमान वगैरेची चार साधी कामे करायची. बटणांच्या 2005 सालच्या व्होल्वोत ती 10 सेकंदांत झाली, तेवढ्यात गाडी 306 मीटर गेली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या, पडद्याच्या गाडीला 44.9 सेकंद लागले. तेवढ्या वेळात ती 1,372 मीटर पुढे गेली होती, चालकाचे लक्ष अर्धे आत आणि अर्धे बाहेर. वारा तोंडावर नको, पायांवर हवा, यासाठी आधी पंख्याचे चित्र शोधा, मग पान उघडा, मग गाडीच्या चित्रावरचा ठिपका बोटाने धरून खाली ओढा, आणि खड्डा आला की बोट भलतीकडेच टेकणार. जुन्या गाडीत हे काम न बघता, एका खटक्यात व्हायचे. बोटाला त्या बटणाची जागा, त्याचा कंगोरा, त्याचा 'टक्' माहीत असायचा. 2026 पासून गाड्यांच्या सुरक्षिततेला गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे यांच्यासाठी स्वतंत्र, हाताला लागणारे नियंत्रण असावे अशी अपेक्षा गुणांकनातच घातली आहे. तुमच्यापैकी काही जण आता बटणे परत आणतो म्हणून जाहीर सांगू लागले आहेत. आनंद आहे.

काचेबाबत मी तुम्हाला अर्धा दोषमुक्त करतो. टप दबू नये म्हणून पुढचे खांब जाड करावे लागतात, त्यात एअरबॅग असतात, बाजूच्या धडकेसाठी दारे भक्कम लागतात, विजेच्या गाडीत पायाखाली बॅटरी असते म्हणून सगळेच वर सरकते. कबूल. पण मागचा खांब? तिथे काचेचा छोटा तुकडा बसू शकत असताना काळा प्लास्टिकचा त्रिकोण बसवणे हे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? छत मागे उतरते करून काच पत्रपेटीच्या फटीएवढी करायची, मग दिसत नाही म्हणून कॅमेरा लावायचा. पोलस्टार 4 मध्ये तर मागची काचच नाही. तो निदान स्पष्ट निर्णय आहे, त्याच्याशी भांडता येते. बाकीच्यांची नुसती चोरटी माघार चालली आहे.

आणि ती भिंतीसारखी उभी बॉनेटं. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने 2023 मध्ये मांडलेला हिशेब तुम्ही वाचला असेलच. बॉनेटची उंची 40 इंचांहून जास्त असलेल्या गाडीची धडक बसल्यास पादचाऱ्याचा जीव जाण्याची शक्यता, 30 इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे 45 टक्क्यांनी जास्त. विजेच्या गाडीत समोर इंजिन नाही, रेडिएटरला पूर्वीएवढी हवा लागत नाही, नाक खाली आणायला इतकी मोकळीक डिझायनरला क्वचितच मिळाली असेल. तिचा उपयोग तुम्ही आणखी मोठी, बंद, दिव्यांनी उजळलेली ग्रिल काढायला केलात. दराऱ्यासाठी, असे तुम्ही म्हणाल. कोणावर?

मी जुन्याचा भक्त आहे असे समजून पत्र बाजूला ठेवू नका. 2001 च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजचे रूप बघून कंपनीचा डिझाइनप्रमुख ख्रिस बँगल याला काढून टाका म्हणून लोक सह्या गोळा करत होते, तेव्हाही मला ती गाडी आवडली होती. त्याच्याच काळातली 2008 ची जीना ही कॉन्सेप्ट कार, पत्र्याऐवजी कापड ताणलेली, पापणी उघडावी तसे दिवे उघडणारी, मला आजही थक्क करते. धाडस हवेच आहे. 2024 ची रेनॉ 5 बघा. 1972 च्या मूळ गाडीच्या बॉनेटवरची हवेची जाळी विजेच्या गाडीत निरुपयोगी झाली होती. तिथे त्यांनी बॅटरी किती भरली ते दाखवणारा दिवा बसवला. आठवण राहिली आणि तिला काम मिळाले.

मागणी एकच आहे, आणि ती खर्चिक नाही. पुढच्या प्रदर्शनात विक्रीची गाडी मांडाल, तेव्हा तिची कॉन्सेप्ट गाडी तिच्या शेजारी उभी करा. मधे एक साधा फलक लावा. काय ठेवले, काय सोडले आणि प्रत्येक गोष्ट का सोडली. 'टक्कर-चाचणीसाठी' असे असेल तर तसे लिहा. 'महाग पडत होते' असेल तर तेही लिहा, आम्हाला राग येणार नाही. पण 'खांब जाड केला, कारण तसा बरा दिसत होता' हे वाक्य स्वतःच्या हाताने फलकावर लिहायची वेळ आली, तर माझी खात्री आहे, तो खांब आदल्या रात्रीच बारीक होईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक गाडीवेडा

ता. क. रंगांचे राहिलेच. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 फक्त काळ्या रंगात मिळायची, कारण कारखान्याच्या वेगाला तोच परवडत होता. लवकर वाळणारी रंगीत लॅकर आली आणि ती अडचण संपली. तरी शंभर वर्षांनी तुमची कॉन्सेप्ट गाडी चौथऱ्यावर नारंगी असते आणि माहितीपत्रकात पांढरा, काळा, करडा, चंदेरी आणि गडद करडा. नारंगी हवा तर वेगळे पैसे. लोक करडाच घेतात, असे तुमचे विक्रीवाले सांगतील. शोरूममध्ये उभाच तो असतो, दुसरा मागितला तर तीन महिने थांबा म्हणतात, मग लोक काय घेणार? एक पिवळा ठेवा, जादा पैसे न घेता, आणि वर्षभर शोरूमच्या दारात उभा करून बघा.